नाथसागर, गौताळ्याकडं मुक्कामाला जायलात? बर्फ विकत घेऊ नका

लेकराबाळांना घेऊन तळ्याकाठी नाहीतर जंगलाकडं खोली घेऊन राहायचं म्हणलं की दूध-दही संध्याकाळपर्यंत आंबतंच, अन् वाटेत घेतलेला बर्फ वितळून पेटीत नुसतं पाणी, त्यात कोथिंबीर पोहायली. त्यापेक्षा हे करा.

१. प्यायच्या पाण्याच्या लिटरच्या प्लास्टिक बाटल्या दोन रात्री आधीच फ्रीजरमधी टाका, एका रात्रीत मधलं पाणी कधी कधी कच्चंच राहतं.

२. थर्माकोलच्या पेटीत खाली दोन बाटल्या, मधी दूध, दही, पनीर, अन् वर एक बाटली आडवी. थंड हवा खाली उतरते म्हणून वरची विसरू नका.

३. उरलेल्या जागेत जुना टॉवेल कोंबा. पेटी डिक्कीत नको, ती लई तापते.

सामान कोरडं राहतं अन् वितळलं की तेच गार पाणी प्यायला. लेकरं मात्र दर दहा मिनिटाला पेटी उघडायलीत म्हणून त्यांचा खाऊ, सरबत वेगळ्या पिशवीतच ठेवा, नाहीतर काही खरं नाही.

फक्त बाटली काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, वर चार बोटं जागा सोडा. काचेची बाटली तर अजिबातच नको.