मळ्यासाठी मिनी ट्रॅक्टर घेताना आकाराच्या या चुका टाळा

नाशिकजवळच्या मखमलाबाद, आडगाव, गिरणारे, दिंडोरी रस्ता या पट्ट्यात मळ्यात घर बांधून राहणारी आणि नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून दोन-तीन एकर जमीन कसणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि छाटणीच्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी ताटकळावे लागते, म्हणून अशा घरांत आज ना उद्या मिनी ट्रॅक्टरचा विचार सुरू होतो. खरेदीनंतर वर्षभरात ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसते. ट्रॅक्टर त्या जागेला मोठा पडलेला असतो किंवा त्या कामाला लहान पडलेला असतो, आणि हे खरेदीपूर्वी टेप घेऊन मळ्यात एक फेरी मारली असती तर कळले असते.

एकरांवरून हॉर्सपॉवर ठरवणे

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो तो "जमीन किती एकर?" हा. उत्तर ऐकून विक्रेता एक आकडा सुचवतो आणि तेथेच पाऊल चुकते. एकरांवरून फक्त काम किती तासांत उरकेल हे समजते. ट्रॅक्टरचा आकार ठरतो तो मळ्यातील सर्वांत अरुंद जागेवरून आणि त्याला जोडायच्या सर्वांत जड अवजारावरून.

तासांचा हिशेब करून पाहावा. तीन फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालवला, तर वळणे आणि पट्ट्यांचा एकमेकांवर येणारा भाग वजा जाता तासाला साधारण १६ गुंठे रान होते. म्हणजे एकराला अडीच तास लागतात. चार फुटी रोटाव्हेटरने तेच काम दोन तासांच्या आत होते. दोन एकर असलेल्या माणसाचा मोठ्या ट्रॅक्टरमुळे एका पाळीला सव्वा तासाच्या आसपास वेळ वाचतो. एवढ्यासाठी वरचे लाखभर रुपये आणि मळ्यात न मावणारी रुंदी पत्करावी का, याचे उत्तर ज्याने त्याने शांतपणे द्यावे.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. दीड एकराला १५ हॉर्सपॉवर पुरेल म्हणून घेतला जातो आणि त्याच दीड एकरात द्राक्षबाग असते, तिला ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणाऱ्या यंत्राने, फवारणी करायची असते. जमीन थोडी असली तरी ब्लोअरला लागणारी ताकद कमी होत नाही.

माझे स्पष्ट मत असे की वर्षातून एकदा करायच्या खोल नांगरटीचा विचार आकार ठरवताना बाजूला ठेवावा. ती नांगरट गावातल्या ४५-५० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्यावी आणि स्वतःचा ट्रॅक्टर वर्षभर चालणाऱ्या फवारणी, आंतरमशागत व वाहतुकीसाठी निवडावा.

पत्रकावरचा आकडा आणि शाफ्टला मिळणारी ताकद

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली हॉर्सपॉवर इंजिनाची असते. रोटाव्हेटर, ब्लोअर किंवा अल्टरनेटर चालतो तो मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आणि तेथे पोहोचेपर्यंत काही ताकद खर्च झालेली असते. १५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण ११ ते १३ मिळते. २४ हॉर्सपॉवर म्हणून विकल्या जाणाऱ्या निरनिराळ्या मॉडेलांत तर पीटीओची ताकद १७ पासून २२ पर्यंत वेगवेगळी आढळते. त्यामुळे दोन ट्रॅक्टरांची तुलना इंजिनाच्या आकड्यावर करणे फसवे ठरते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची प्रत्यक्ष मोजलेली ताकद, ओढण्याची शक्ती आणि उचल क्षमता दिलेली असते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागण्यात संकोच करू नये.

ब्लोअरच्या बाबतीत हा फरक थेट पिकावर दिसतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालणे अपेक्षित असताना ताकद अपुरी पडून फेऱ्या ४८० वर आल्या, तर पंख्याची हवा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते आणि पंपाचे पाणीही त्याच प्रमाणात घटते. फळछाटणीनंतर पाऊस झाला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे सावट आले की पानाच्या मागच्या बाजूला औषध पोहोचणे महत्त्वाचे असते, आणि नेमकी तीच बाजू कोरडी राहते. शेतकरी मग औषधाला दोष देतो. ब्लोअर घेताना उत्पादकाने किमान किती पीटीओ हॉर्सपॉवर सांगितली आहे ते पाहावे आणि आपल्या ट्रॅक्टरची ताकद तिच्यापेक्षा दोन-तीन हॉर्सपॉवरने अधिक असावी, कारण चढावर भरलेली टाकी ओढत असताना तीच ताकद चाकांनाही लागते.

रुंदी एकदाच आणि चुकीच्या वेळी मोजणे

नाशिकच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधले अंतर बहुधा ८ ते १० फूट असते. नऊ फूट म्हणजे जवळजवळ २७४ सेंटिमीटर, आणि मिनी ट्रॅक्टर तर सव्वा मीटरच्या आतबाहेर; मग अडचण कसली, असे वाटते. परंतु जमिनीवर दोन्ही बाजूंचे बोद (वेलींखालचे मातीचे उंचवटे) आत सरकलेले असतात, ठिबकच्या नळ्या असतात, आणि वाय आकाराच्या मांडवावर दोन्ही बाजूंचे हात गल्लीत येतात. शिवाय हे मोजमाप बहुतेक जण खरड छाटणीनंतर, बाग उघडी असताना घेतात. काड्या पूर्ण वाढून लोंबू लागल्या की तीच गल्ली खांद्याच्या उंचीवर कितीतरी अरुंद होते. म्हणून मोजमाप भर हंगामात घ्यावे आणि तीन उंचींवर घ्यावे: चाकांच्या पातळीवर, मडगार्डच्या पातळीवर आणि चालकाच्या खांद्याच्या पातळीवर. ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांपैकी जे अधिक रुंद असेल, त्याच्या दोन्ही बाजूंना निदान एकेक फूट मोकळा राहिला पाहिजे.

बागेच्या टोकाची जागा तर कोणी मोजतच नाही. मांडवाच्या ताणाच्या तारा बाहेर जमिनीत गाडलेल्या असतात, त्यापलीकडे बांध किंवा कुंपण असते, आणि उरलेल्या पट्ट्यात ट्रॅक्टरला अवजारासह वळायचे असते. पत्रकात वळणाची त्रिज्या बहुधा ब्रेक लावून मोजलेली दिलेली असते आणि ती फक्त ट्रॅक्टरची असते. ओढीचा ब्लोअर जोडला की वळणाला लागणारी जागा कितीतरी वाढते. अशा ठिकाणी अडीच मीटर लांबीचा ट्रॅक्टर आणि तीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर यांतला फरक दर ओळीला जाणवतो: एक एका दमात वळतो, दुसऱ्याला मागेपुढे करावे लागते. पंधरा ओळींच्या बागेत, आठवड्यातून तीनदा फवारणी चालू असताना, यात चालकाचा वेळ जातो आणि टोकाच्या वेलींची खोडेही सोलली जातात.

रोटाव्हेटरच्या रुंदीचा संबंध ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरच्या अंतराशी असतो. टायर बाहेरून चार फूट आणि रोटाव्हेटर तीन फुटी, अशी जोडी जमवली तर प्रत्येक पट्ट्यात चाकांचे दाबलेले चर तसेच राहतात. रोटाव्हेटर टायरांइतका किंवा किंचित रुंद असावा. तेवढा ओढण्याची ताकद ट्रॅक्टरमध्ये नसेल, तर एका बाजूला सरकवता येणारा रोटाव्हेटर तरी घ्यावा. ढोबळ मानाने १५ ते २० हॉर्सपॉवरला तीन फुटी, २४ ते ३० ला चार फुटी आणि ३५ च्या पुढे पाच फुटी रोटाव्हेटर झेपतो. काळ्या जमिनीत हा हिशेब थोडा कमीच धरावा.

घराचे फाटक, गोठ्याशेजारची वाट आणि शेडची उंची हीही मोजमापातच येतात. चालकाच्या मागची सुरक्षा कमान दुमडणारी नसेल, तर तो ट्रॅक्टर मांडवाच्या बागेत आणि बसक्या शेडमध्ये जाणार नाही. शेडसाठी कमान कापून टाकण्याचा प्रकार मात्र कधीही करू नये.

उचल क्षमतेचा आकडा जसाच्या तसा मानणे

लहान ट्रॅक्टरांची उचल क्षमता बहुधा ७५० किलोच्या आसपास लिहिलेली असते. हे वजन अवजार जोडायच्या खालच्या लिंकांच्या (दांड्यांच्या) टोकाशी मोजलेले असते. प्रत्यक्षात अवजाराचा भार त्या टोकापासून दीड-दोन फूट मागे असतो आणि जसजसा तो मागे जातो तसतशी उचलण्याची क्षमता घटते. मागे उचलून न्यायच्या ४०० लिटरच्या ब्लोअरमध्ये नुसत्या पाण्याचे ४०० किलो असतात, त्यात यंत्राचे वजन मिळवावे. हायड्रॉलिकने हा भार उचलला तरी ६०० ते ८०० किलो वजनाच्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, आणि बांध चढताना स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीकडच्या उताराच्या जमिनीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

यावर दोन उपाय आहेत. पुढे वजनाच्या प्लेटा लावाव्यात किंवा टाकी चाकांवर ओढायची घ्यावी. ओढीच्या टाकीला उचल लागत नाही, परंतु उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते, म्हणून तेथे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आणि ब्रेक महत्त्वाचे ठरतात. ट्रॉलीलाही हेच लागू आहे. सपाट रस्त्यावर दीड टन सहज ओढणारा लहान ट्रॅक्टर उतारावर तो भार थांबवू शकेलच असे नाही.

जमीन न पाहता दोन चाकी की चार चाकी ठरवणे

एकाच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सिन्नरच्या पूर्व भागात पावसाची वाट पाहावी लागते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत आणि सपाटीवर टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या दोन चाकांनी ओढणारा) ट्रॅक्टर पुरतो, स्वस्तही पडतो. निफाड-दिंडोरीकडच्या भारी काळ्या जमिनीत मात्र फोर व्हील ड्राइव्हच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. एरवी वाफसा येईपर्यंत थांबता येते. फळछाटणीनंतरच्या पावसात फवारणीला थांबता येत नाही. अशा ओल्या रानात वजनाने हलका, चारही चाकांनी ओढणारा २० ते २४ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण मोठ्याच्या वजनाने माती दबते आणि मुळांजवळचा निचरा बिघडतो. डांबरी रस्त्यावर आल्यावर पुढची चाके गिअरमधून सोडावीत; तसे न केल्यास पुढचे टायर फार लवकर झिजतात. पुढचे टायर बदलतानाही कंपनीने दिलेलेच माप ठेवावे, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगाचे प्रमाण त्यावर बसवलेले असते.

घरात आधीपासून असलेली किंवा भावकीतून मिळणारी अवजारे नव्या मिनी ट्रॅक्टरला बसतीलच असे धरून चालू नये. पिनांची जाडी, लिंकांमधले अंतर आणि पीटीओची उंची वेगळी असते. जोडणारा शाफ्ट लांब असेल तर अवजार उचलताना तो आतून टेकतो आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला धक्का देतो. तो योग्य मापाला कापून घ्यावा आणि त्यावरचे प्लास्टिकचे आवरण काढून टाकू नये.

अनुदान घ्यायचे असल्यास राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी, आधीच्या बिलावर अनुदान मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर ते बदलून मागावे.

ट्रॅक्टर आधीच घेतलेला असल्यास

रोटाव्हेटर चालताना काळा धूर येत असेल आणि इंजिनाचा आवाज दबत असेल, तर भार अधिक आहे. प्रथम गिअर खाली आणावा, खोली कमी करावी आणि एका खोल पाळीऐवजी दोन उथळ पाळ्या द्याव्यात. पाती झिजलेली असल्यास बदलावीत आणि एअर फिल्टर तपासावा. तापमान वाढत असेल तर ट्रॅक्टर लहान पडला असे लगेच मानू नये. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले गवत आणि धूळ हे त्याचे अगदी नेहमीचे कारण असते.

चाके घसरत असतील तर घसरण मोजता येते. मागच्या टायरवर खडूने खूण करावी, अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे आणि मग त्याच रानात अवजार लावून पुन्हा दहा फेऱ्या मोजाव्यात. मोकळ्याने २५ मीटर आणि भाराने २२ मीटर गेला, तर घसरण १२ टक्के आहे. १० ते १५ टक्के घसरण मशागतीत चालते. २० च्या पुढे गेल्यास टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे करावी, मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्यावे किंवा चाकांना वजने लावावीत. ट्रॅक्टर गल्लीत घासत असेल, तर मागच्या रिम उलटून बसवल्यास अनेक मॉडेलांत चाकांमधले अंतर कमी करता येते. उताराच्या जमिनीत मात्र हे करू नये, कारण अरुंद झालेला ट्रॅक्टर लवकर कलंडतो. एवढे करूनही भार झेपत नसेल, तर ट्रॅक्टर बदलण्याआधी रोटाव्हेटर एक फुटाने लहान किंवा ब्लोअरची टाकी २०० लिटरची करून एक हंगाम काढून पाहावा. अवजार बदलण्याचा खर्च ट्रॅक्टर विकून होणाऱ्या तोट्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.