निरोप पोचला का, हे कसं बघायचं: सातवी ‘क’च्या वर्गशिक्षिकेची पद्धत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी शाळेत मी सातवी ‘क’ची वर्गशिक्षिका आहे. पट ५४. कुणाची आई सहकारनगरमध्ये चार घरची धुणीभांडी करते, कुणाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, कुणी रिक्षा चालवतं. दोन पावसाळ्यांपूर्वी चाचणीमुळे सकाळची शाळा दुपारी भरणार होती. रात्री पावणेअकराला मी व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं टाकलं. सकाळी सातला माझ्या वर्गातली एक मुलगी बंद फाटकाशी भिजत उभी होती. संध्याकाळी तिच्या आईला मी म्हणाले, ‘‘ताई, ग्रुपवर टाकलं होतं की.’’ ती म्हणाली, ‘‘बाई, फोन ह्यांच्याजवळ असतो. हे पहाटे तीनला टेम्पो घेऊन जातात.’’

तेव्हापासून निरोप टाकून मी थांबत नाही. तो पोचला का, ते बघते. त्यासाठी जे करते ते इथे लिहिते आहे. महागडं ॲप लागत नाही. एक फोन, शाळेसाठी वेगळं सिम आणि दोनशे पानी वही पुरते.

जूनची पहिली पालकसभा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी प्रत्येक पालकाशेजारी बसून वहीत लिहून घेते: फोन कुणाचा, घरात किती ते किती असतो, साधा बटणाचा की स्मार्टफोन, मराठी वाचता येतं की ऐकलेलं बरं पडतं, रिचार्ज संपला तर शेजारचा कुणाचा नंबर चालेल. माझ्या ५४ घरांपैकी १७ घरांत दिवसा फोनच नसतो, हे वही लिहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे निरोपाची वेळ मी रात्री आठ ठरवली. त्या वेळी फोन आणि माणूस दोन्ही घरी असतात.

मग तिथेच, त्यांच्याच फोनमध्ये ‘७ क बाई’ या नावाने माझा नंबर सेव्ह करून घ्या. हे घरी करा म्हणून सांगितलं तर राहून जातं. आणि ते राहिलं तर पुढचं सगळं अडतं, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो, ग्रुप होत नाही) फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणजे वर्गाला एक लिस्ट पुष्कळ झाली. उठण्याआधी एक चाचणी निरोप पाठवा आणि ज्याचा फोन वाजला नाही त्याचा नंबर लगेच तपासा.

ग्रुप मी मुद्दाम बंद केला. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका आईला त्यावरून रात्री-अपरात्री अनोळखी फोन येऊ लागले, आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. तिचं बरोबर होतं. निरोप मिळावा म्हणून कुठल्याही बाईने आपला नंबर चारचौघांत उघडा करावा, हे मला मान्य नाही. अख्ख्या शाळेसाठी करायचं असेल तर व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणांचा ग्रुप वापरा. त्यात फक्त ॲडमिन लिहितात आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

लिहू नका, बोला

शाळेच्या परिपत्रकाचा फोटो काढून पुढे ढकलणं सोपं असतं, पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वाचून धुणं धुवून दमलेल्या आईने काय समजायचं? मी व्हॉइस मेसेज पाठवते, तीस-चाळीस सेकंदांचा, ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तसा. आधी वर्ग, मग वार आणि तारीख, मग काय आहे, शेवटी मुलाबरोबर काय द्यायचं. ‘‘सातवी क. सोमवारी, दहा तारखेला शाळा दुपारी साडेबाराला भरेल. डबा खाऊनच पाठवा. कंपासपेटी द्या.’’ बास. एका निरोपात एकच गोष्ट. दोन गोष्टी असतील तर दुसरी उद्या. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी तेच दोन ओळींत लिहिते. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवरच्या माइकवर मराठीत बोला, ते चांगलं उमटतं.

वार आणि तारीख कधीच गाळू नका. पावसाळ्यात सुट्टीच्या जुन्या बातम्यांचे फोटो पुन्हा फिरतात आणि ‘उद्या सुट्टी’ हे कुठलं उद्या, ते कुणालाच कळत नाही.

साध्या फोनसाठी एसएमएस

देवनागरी एसएमएस ७० अक्षरांचा असतो, रोमन १६०चा. काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळं मोजलं जातं. त्यापुढे गेलात तर दुसऱ्या एसएमएसचे पैसे पडतात. ‘७ क: गुरुवारी, १३ तारखेला सुट्टी. शुक्रवारी शाळा नेहमीप्रमाणे.’ हे आरामात बसतं. शाळेतून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील तर ‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. म्हणून सुट्टी, वेळबदल, लवकर सुटणार, पालकसभा असे चार साचे जूनमध्येच नोंदवून ठेवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. अशा सकाळी साचा नोंदवत बसायला कुणाला वेळ असणार?

पोचला का?

निरोपावर बोट दाबून धरा आणि ‘माहिती’ उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला, कुणी ऐकला, याची यादी दिसते. निळी टिक बंद ठेवणारे पालक असतात, पण व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण बंद करता येत नाही; मी बोलून पाठवते त्याचं हेही एक कारण. नऊला यादी बघते, राहिलेली नावं वहीत उतरवते आणि त्यांना फोन करते. सुरुवातीला अकरा-बारा नावं उरायची, आता तीन-चार. फोनही लागला नाही तर शेजारचा नंबर आहेच. वेळबदलासारखा निरोप मी आदल्या दिवशी मुलांच्या दैनंदिनीतही लिहून देते आणि सही मागते. वडिलांनी ऐकलं म्हणजे आईला कळलं असं धरून चालत नाही, म्हणून हजेरी घेताना मुलांनाच विचारते, ‘‘घरी कुणी सांगितलं?’’

काय पाठवायचं नाही

गुण, फी, कुणाची तक्रार, रडणाऱ्या किंवा शिक्षा झालेल्या मुलाचा फोटो. हे एकेकट्याशी, शक्यतो समोर बसून. मुलाची माहिती त्याच्या घरच्यांची आहे, वर्गाची नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मी संमती कागदावर घेते आणि पालकाला तो वाचून दाखवते.

उलट दिशेने

पालकांनाही बोलूनच निरोप पाठवायला सांगा. ‘‘बाई, तिला रात्रीपासून ताप आहे,’’ एवढं बसमध्ये उभं राहूनही सांगता येतं. व्हॉट्सॲप बिझनेस या वेगळ्या, मोफत ॲपमध्ये वेळ ठरवून आपोआप उत्तर लावता येतं. माझं आहे: ‘मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी सात ते नऊ ऐकते. घाई असेल तर शाळेच्या फोनवर करा.’ त्या वेळा मी पाळते. दोनदा उत्तर आलं नाही की आई तिसऱ्यांदा सांगत नाही.

एप्रिलअखेर मी लिस्ट पुसते, मुलांचे फोटो काढून टाकते आणि वही आठवीच्या बाईंच्या हातात देते. ज्यांच्या घरी दिवसा फोन नसतो त्या नावांखाली लाल रेघ असते.