कार्यक्रमाची रात्र आणि मित्राचं घर
गाण्याच्या कार्यक्रमासाठी मोठ्या शहरात जाऊन मित्राकडे उतरणार असाल, तर पोचल्या पोचल्या जादा किल्ली मागून घ्या आणि ती एकदा कुलपात फिरवून पाहा. रात्री एक वाजता अनोळखी दाराशी झटापट नको. शेवटची गाडी किती वाजता आहे, हेही आधीच बघा. एका जास्तीच्या गाण्यासाठी ती चुकवायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा (मी चुकवतो). इअरप्लग मात्र न्याच. १०० डेसिबल आवाजात कानांसाठी सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात. शिवाय कान दडे बसल्यासारखे झाले, की आपण किती मोठ्यानं बोलतोय ते आपल्याला कळत नाही. झोपलेल्या यजमानांना कळतं.