स्प्रूसच्या डोळ्यात स्टार्च कधी भरतो, घरच्या घरी कसं बघायचं

जर्मनी, स्वीडन, फिनलंडकडे राहत असाल तर आसपास नॉर्वे स्प्रूस हा सुयांसारख्या पानांचा वृक्ष सापडतोच, त्याच्या डोळ्यांवर, म्हणजे ज्यातून नवा कोंब फुटतो त्या बंद कळ्यांवर, हा प्रयोग नक्की करा. आपल्याकडे कुंडीत जो ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो बहुतेक अरोकेरिया असतो, त्याला खवल्यांत बंद असा हिवाळी डोळा नसतो, तो इथे चालणार नाही.

आधी झाड ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा, फांद्याही एकाच बाजूच्या, साधारण एकाच उंचीच्या, वेळ शक्यतो दुपारची. शेंड्याचा डोळा अजिबात तोडू नका, झाडाची वाढ बिघडते, बाजूच्या फांदीचे चार-पाच डोळे पुरतात.

मग तपकिरी खवले सोलून डोळा नव्या ब्लेडने उभा चिरा. आत छोटासा हिरवट घुमट दिसेल, त्यावर बारीक बारीक उंचवटे, ह्याच पुढच्या वसंतातल्या सुया, आदल्या उन्हाळ्याच्या शेवटीच तयार होऊन बसलेल्या! भिंगातून जरूर बघा, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो.

चिरलेले तुकडे स्पिरिटमध्ये घालून ती बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, हिरवा रंग आणि राळ निघून जाईपर्यंत. स्पिरिट गॅसवर थेट तापवायचं नाही, पेट घेतं, पाणी गरम करून गॅस बंद केल्यावरच बाटली आत ठेवा. नंतर तुकडे पाण्यात धुवा आणि मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून त्यावर थेंबभर टाका. निळा-काळा रंग आला म्हणजे स्टार्च आहे. शेजारी बटाट्याची चकती ठेवून तिच्यावरही थेंब टाका म्हणजे औषध चालतंय की नाही ते कळतं.

जानेवारीत रंग जवळजवळ येतच नाही, तेव्हा डोळा उपाशी आहे असं समजू नका. थंडी वाढते तसा स्टार्च मोडून साखरा होतात, सुक्रोज, रॅफिनोज वगैरे, फ्रिजमधला बटाटा गोडसर होतो ना तसंच, आणि ह्या साखरा गोठणाऱ्या थंडीत पेशींना सांभाळतात. ही साखर बेनेडिक्ट द्रावणाने तपासायला जाल तर फसाल, सुक्रोज आणि रॅफिनोज त्यात सरळ दिसत नाहीत, आधी आम्लात उकळून मोडावे लागतात. द्राक्षवाल्यांचं, रसातली साखर मोजणारं ब्रिक्स मीटरही इथे कामाचं नाही, एवढ्याशा डोळ्यातून रस निघणार किती.

खरी मजा वसंतात. डोळा बाहेरून बंदच दिसतो पण जुन्या सुया उन्हात जोमाने कामाला लागलेल्या असतात, त्यांची साखर डोळ्याकडे येते आणि तिथे स्टार्च म्हणून साठते, डोळा फुटायच्या सुमारास सगळ्यात जास्त. म्हणून हिवाळ्यात महिन्यातून एकदा बघितलं तरी चालेल, पण मार्चपासून दर आठवड्याला बघाच, नाहीतर चढ हातचा जाईल. नवा कोंब लांबायला लागला की हा साठा भराभर खर्च होतो, तेव्हा फुटल्यानंतरही दोन-तीन आठवडे चिरणं चालू ठेवा आणि प्रत्येक वेळी तारीख, तापमान आणि एकाच उजेडात काढलेला फोटो वहीत लावा.