गाडीवरचा दवाखाना सुरू करायचाय? मग आधी गाडी लांब लावा

मागच्या महिन्यात एका लग्नात दोन-तीन जणांनी पकडलं, की तुमचं ते फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठीचं मंगळवारचं फिरत्या दवाखान्याचं काम आम्हाला पण आमच्या एरियात सुरू करायचंय, कसं करायचं सांगा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, जुन्या इंदूरला माझं मेडिकल होतं, आता मुलगा बघतो. आमच्यात दोन डॉक्टर, एक रिटायर्ड सिस्टर, एक गाडी चालवणारा भिया आणि मी, बस पाच जण.

सगळे सुरुवात गाडीपासून करतात. देणगी पण गाडीलाच पटकन मिळते कारण गाडीवर आजोबांचं नाव लिहिता येतं, बँडेजवर कोण लिहिणार. आम्ही पण तेच केलं, पहिल्या मंगळवारी आमची ईको व्हॅन धुऊन पुसून, दोन्ही बाजूंना बॅनर, वर भोंगा, आणि सरवटे बस स्टँडजवळ थेट फुटपाथला नेऊन लावली. पाच मिनिटांत फुटपाथ रिकामा. चादरी-गाठोड्यांसकट माणसं गायब, फक्त एक म्हातारी राहिली, ती पण तिला उठता येत नव्हतं म्हणून, आणि ती हात जोडून सारखी म्हणत होती, "गाड़ी में मत डालो भैया, मैं सुबह चली जाऊँगी."

तेव्हा ट्यूब पेटली. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरात म्हाताऱ्या बेघर लोकांना नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, गाडीत भरून क्षिप्रेजवळ हायवेला उतरवलं होतं, गावातल्या लोकांनी व्हिडिओ काढला म्हणून परत आणावं लागलं, तुम्ही पण पाहिला असेल. त्यात आता १ जानेवारी २०२५ पासून इंदूरात भीक मागणं सोडा, देण्यावर पण बंदी आली. म्हणजे रात्री अंधारात गाडी येऊन थांबली की त्यांच्या दृष्टीने ती उचलायलाच आली, मग तुम्ही तिच्यावर लाल प्लस काढा नाहीतर देवाचा फोटो लावा.

म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशी, पन्नास-साठ पावलं लांब, हेडलाइट बंद. दोघांनी पायी जायचं, हातात चहाचा थर्मास आणि खांद्याला एक बॅग. पहिले दोन मंगळवार तर दवा-बिवा काही नाही, नुसता चहा द्या आणि खाली बसून बोला, उभं राहून वाकून बोललं की पोलीसवाल्यासारखं वाटतं. सोबत त्यांच्या ओळखीचा माणूस असला तर निम्मं काम होतं. आम्हाला पार्किंगवर रात्री बसणारा एक दादा मिळाला, तो "आ जाओ, अपने ही आदमी हैं" म्हणाला आणि एका रात्रीत जमलं. अमेरिकेत पिट्सबर्गला जिम विदर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये असंच सुरू केलं होतं, साधे मळके कपडे घालून, पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेल्या माणसाबरोबर. हे मला नंतर कळलं, आधी कळलं असतं तर भोंग्याचे पैसे वाचले असते.

वार आणि वेळ एकदा ठरली की हलवू नका. आमची रात्री ९ ते ११. दिवसा हे लोक सापडत नाहीत, कारण आपल्याला वाटतं तसे सगळे भीक मागणारे नसतात, कोणी कबाडा वेचतं, कोणी लग्नात भांडी घासायला जातं, कोणी सकाळी मजुरीच्या चौकात उभं असतं. आणि एक मंगळवार बुडवला तर पुढचे तीन मंगळवार भरपाईत जातात. पावसात जायचं, थंडीत जायचं. फक्त रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडे फिरकू नका, त्या दिवशी सगळं शहरच औषधापलीकडे असतं.

परवानगीचं थोडक्यात: डॉक्टर रजिस्टर्ड हवेत आणि ते स्वतः हजर हवेत, त्यांच्या नावाचं कागद दाखवून मी गोळ्या वाटल्या असं चालत नाही. सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या, ऑफिसला आणि जवळच्या ठाण्यात एक लेखी अर्ज देऊन त्याची पावती गाडीत ठेवा. बस.

आता पेटी, हा माझा विषय म्हणून जरा जास्त बोलतो. नवे लोक अँटिबायोटिक आणि टॉनिकने पेटी भरतात आणि तासाभरात गॉझ संपतं. उलट करा. सलाईनच्या बाटल्या, गॉझ, रोलर बँडेज, ग्लोव्हज, पोव्हिडोन, नेलकटर, सुती मोजे, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, खरजेचं पर्मेथ्रिन, बीपीचं मशीन आणि शुगरचं मशीन. शुगरच्या स्ट्रिप्सची डबी उन्हाळ्यात गाडीत सोडायची नाही, मे महिन्यात बंद गाडी म्हणजे तंदूर, मग आकडे काहीही दाखवतात. लोकांच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, कितीही ओळखीचे असले तरी. आमच्या एका मावशींनी पिशवीभर आणून दिल्या, त्यात अर्ध्या एक्स्पायर, बाकीच्या थायरॉइडच्या. आणि स्ट्रिप कापून देताना एक्स्पायरीची बाजू आपल्याकडे नाही, पेशंटकडे गेली पाहिजे, मेडिकलवाले बरोबर उलटं करतात, मी पण वीस वर्षं केलं.

गोळ्या एका आठवड्याच्याच द्या. आम्ही एका बाबांना बीपीच्या महिन्याच्या दिल्या होत्या, चौथ्या दिवशी पावसात भिजून त्यांचा चुरा झाला आणि बाबा बिचारे तो चुरा बोटाने चाटून खात होते. आता लहान झिप पाउच देतो, त्यावर मार्करने सूर्य नाहीतर चंद्र काढतो. वाचता येतं का असं कोणाला विचारायची वेळच येत नाही.

ड्रेसिंग नीट शिका, कारण निम्मी गर्दी पायांची असते. शुगर असते, चप्पल नसते, ठेच लागलेली कळतही नाही. एक काका पायाला दुधाची पिशवी बांधून यायचे, आत चिंधी, आणि ती चिंधी जखमेला चिकटलेली. आमच्यातल्या नव्या डॉक्टरांनी ती ओढायला हात घातला तसा सिस्टरने त्यांचा मनगट धरला. मग तिने पाय मांडीवर घेतला, चिंधीवर हळूहळू सलाईन सोडत राहिली आणि काकांना गावाकडचं विचारत बसली, दहा मिनिटं. चिंधी आपोआप सुटली, पोळीवरून पापुद्रा सुटावा तशी. दहा मिनिटं एका माणसाला दिली तर रात्रीत कमी लोक होतील, होऊ देत. तो काका पुढच्या मंगळवारी आणखी चौघांना घेऊन आला, भोंग्याने हे झालं नसतं.

खरजेला एकट्याला मलम देऊन उपयोग नाही. जे एका चादरीत, एका ओट्यावर झोपतात त्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सकाळी धुवायचं आणि आठवड्याने परत लावायचं. कपडे-चादर एकतर गरम पाण्यात धुऊन उन्हात, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला. पण बाजूला ठेवायला दुसरी चादर तर हवी ना, म्हणून मलमाबरोबर चादर पण द्यावी लागते.

कुत्रा चावल्याच्या केसेस भरपूर येतात, फुटपाथवर झोपणाऱ्याला कुत्र्याची सोबत पण आणि भीती पण. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि हळद-मिरची भरू द्यायची नाही. गाडीत वीस लिटरचा कॅन त्यासाठीच ठेवलाय. मग त्याच रात्री किंवा सकाळी लाल अस्पताल, म्हणजे हुकुमचंद पॉलिक्लिनिक, तिथे रेबीजची इंजेक्शन मिळतात. रक्त आलं असेल तर रेबीजच्या सीरमचं, ते वेगळं इंजेक्शन असतं, पण विचारा. पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस असे डोस त्वचेतल्या इंजेक्शनचे असतात, दंडाच्या स्नायूत देणार असतील तर चौदावा पण. ह्या तारखा माणसाच्या नाही तर तुमच्या मोबाइलच्या अलार्ममध्ये पाहिजेत.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कफ सिरपची बाटली देऊन पाप करू नका, बेडका तपासायला पाठवा. डबीत थुंकायला गाडीत नाही, उघड्यावर, सगळ्यांपासून लांब सांगायचं. टीबीची तपासणी-औषधं सरकारी फुकट आहेत, आणि निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, आधी ५०० होते, पण ते बँक खात्यात येतात आणि इथे खातं कोणाचं आहे. तेव्हा गोळीबरोबर आधार आणि खात्याच्या रांगेत उभा राहणारा एक माणूस टीममध्ये ठेवा. हेच आयुष्मान कार्डाचं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत अ‍ॅडमिट होण्याचा खर्च निघतो, पण माणूस योजनेत बसत असेल आणि हातात ओळखपत्र असेल तेव्हा.

चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. आम्ही एका माणसाला सूज आलेल्या पायाने, डॉक्टरांचं छान इंग्रजी पत्र देऊन एका हॉस्पिटलला रिक्षाने पाठवलं, तर "अटेंडर कोण आहे" म्हणून गेटवरूनच परत. पत्र तसंच खिशात, घडी पण मोडली नव्हती. आता ज्याला पाठवायचं त्याच्याबरोबर आमच्यातला एकजण जातो, भरती होईपर्यंत थांबतो आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहितो. फार सीरियस असेल तर सरळ १०८.

दारू प्यायलेला आला तर भाषण नको. बीपी बघा, जखम बघा, आणि डॉक्टरांना सांगा की प्यायलेला आहे, कारण काही गोळ्या दारूबरोबर चालत नाहीत. रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" असंही म्हणू नका, एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते, ते काम डॉक्टरांच्या देखरेखीत व्हायला हवं.

कचऱ्याचं लक्षात ठेवा. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवणारं शहर आपलं, आणि आपणच रक्ताचा बोळा फुटपाथवर टाकून आलो तर दुसऱ्या दिवशी शिव्या तिथे झोपणाऱ्यांना पडतात. ड्रेसिंगचं मळकं पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या कडक डब्यात, आणि घरी येणाऱ्या कचरागाडीत अजिबात नाही. ओळखीच्या नर्सिंग होमशी बोलून त्यांच्या बायोमेडिकल कचऱ्यात देण्याचं लेखी ठरवून घ्या.

रजिस्टरमध्ये नाव जे सांगतील ते लिहा, खरं आहे का विचारू नका. त्याच्या पुढे खूण लिहा, "निळी टोपी, पुलाखाली, तिसरा खांब", सापडायला तीच कामाला येते. फोटो काढू नका, फेसबुकवर तर नाहीच. देणगीदाराला पाहिजेच असेल तर रिकाम्या सलाईनच्या बाटल्यांचा पाठवा.

आणि थर्मास दोन ठेवा, एक बिनसाखरेचा. शुगरवाले पण चहा मागतातच.