घराचं लोन लवकर फेडायचंय? मग किराण्याच्या यादीपासनं सुरुवात करा

बेळगावात टिळकवाडीकडं फ्लॅट घेतलेला असो नाहीतर गावाबाहेर प्लॉटवर बांधलेलं असो, लोन बहुतेक वीस वर्षांचंच असतंय, आणि हप्ता वेळेवर जातोय म्हणजे लोन फिटायलंय असं आपण धरून चालतो. एकदा बँकेचं स्टेटमेंट काढून बघा की. २५ लाखाचं लोन, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण २१,७०० येतो. त्यातले पहिल्या महिन्यात १७,७०० नुसतं व्याजात जातात आणि मुद्दलातनं कमी होतात फक्त ४,०००. पूर्ण वीस वर्षं भरत बसलात तर २५ लाखाचे ५२ लाख भरून होतात.

आता याच लोनवर पहिल्यापासनं महिन्याला ३,००० जादा भरले तर ते १५ वर्षांच्या जरा आतच संपतं. मुदतीतली पाच वर्षं कमी झाली आणि व्याज पावणेआठ लाखाच्या वर वाचलं. लोन जितकं नवीन तितका जादा भरण्याचा फायदा मोठा, शेवटच्या चार वर्षांत जोर करून फारसं काही वाचत नाही कारण व्याज तोवर बँकेनं घेऊन झालेलं असतंय.

पण आधी दुसरी कर्जं बघा. क्रेडिट कार्डाचं थकलेलं असेल, पर्सनल लोन असेल, सोसायटीचं १४-१५ टक्क्याचं कर्ज असेल तर घराच्या लोनला हात लावू नका, ते महागडं आधी संपवा. आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजेच, कारण लोनमध्ये भरलेला पैसा दवाखान्याच्या वेळेला परत मागता येत नाही (ओव्हरड्राफ्टवालं होम लोन असेल तर येतो, पण त्याचा व्याजदर थोडा जास्त असतो).

मग हे तीन हजार आणायचे कुठनं. पगार वाढल्यावर बघू असं म्हणणाऱ्यांचं कधी होत नाही, पगार वाढला की पहिली गाडी बदलते. घरातनंच काढायला पाहिजेत, आणि खाणं कमी न करता निघतात. रविवारचं मटण बंद करून लोन फेडायला निघालेला माणूस दोन महिन्यांत कंटाळतोय आणि तिसऱ्या महिन्यात हॉटेलात दुप्पट घालवून येतोय, त्यामुळं तो मार्ग नकोच.

सगळ्यात मोठी गळती महिन्याच्या सामानात असते. मॉलमध्ये ट्रॉली घेऊन फिरलं की यादीत नसलेल्या वस्तू भरल्या जातात, एकावर एक फ्री म्हणून आणलेली बिस्किटं पोरं दोन दिवसांत संपवतात, आणि मोबाईलवरनं मागवलं तर डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून आणखी शंभर-दीडशेचं काहीतरी टाकलं जातं. मागच्या तीन महिन्यांची बिलं घेऊन बसा आणि ज्याच्याशिवाय स्वयंपाक अडला नसता त्याच्यावर पेनानं खूण करा. खूण केलेल्याची बेरीज बघून बोलायचं काही राहत नाही. नंतर यादी घरातच लिहायची, ओळखीच्या किराणा दुकानात नेऊन द्यायची आणि सामान बांधून झालं की आणायला जायचं. यादी दुकानात पोचली, आपण नाही, एवढ्यानं निम्मं काम होतंय. पण वहीवर उधारी ठेवू नका, उधारीत भाव कोण विचारतंय.

आपल्या भागाचा खरा फायदा वर्षाच्या धान्यात आहे. सुगी झाल्यावर खानापूर-जांबोटीकडचा नाहीतर येळ्ळूर शिवारातला तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडनं पोत्यानं घेतला तर दुकानातल्या पाच-पाच किलोच्या पिशवीपेक्षा किलोमागं चांगला फरक पडतो. शाळू उन्हाळ्याच्या तोंडाला घ्यायचा. मिरची मार्च-एप्रिलमध्ये, रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी, घरीच निवडून वाळवून कांडप मशीनवर कुटून आणली की वर्षाची चटणी होते, पाकिटातला मसाला त्याच्यापुढं महागही आणि चवीलाही फिका. मात्र हे सगळं एकदम घ्यायचं म्हणजे रक्कम मोठी लागते, तेव्हा दर महिन्याला धान्याचे म्हणून वेगळे पैसे ठेवा. ते कार्डावर घेऊन व्याज भरलंत तर मग काय उपयोग. आणि जागा कोरडी पाहिजे, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल लागली की तांदळाला टोके होतात, आणि फ्लॅटमध्ये जागा नसेल तर सरळ तीन-तीन महिन्यांचं घ्या.

तेलाच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. डबा स्वस्त पडतो असं सगळे म्हणतात, पण घरात १५ किलोचा डबा असला की हात सैल सुटतो, भजी काय, पुऱ्या काय. महिन्याचं तेल मोजून वेगळ्या बरणीत काढा, चार माणसांना तीन लिटरच्या आत बसतंय. भाजी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला घ्या, पण दोन-तीन दिवसांपुरतीच, स्वस्त मिळाली म्हणून आणलेली मेथी फ्रिजमध्ये काळी पडली तर ती महागच म्हणायची. दुधाचा रतीब पण एकदा तपासा, पोरं हॉस्टेलला गेली तरी लिटर तेवढंच चालू असतंय बऱ्याच घरांत.

लाईट बिलाकडं लक्ष देणारे कमी. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंत सवलत आहे, पण प्रत्येक मीटरला किती युनिट माफ ते आधीच्या वापरावरनं ठरलेलं असतं, तेवढ्यात बसलात तर बिल शून्य, त्याच्या वर पण २०० च्या आत असाल तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळं बिल तुमच्या अंगावर. दोन किलोवॅटचा गिझर रोज तासभर चालला तर महिन्याला ६० युनिट तिथंच गेली. तेव्हा आपल्या मीटरची मर्यादा हेस्कॉममध्ये (आपली वीज कंपनी) विचारून घ्या आणि महिन्याच्या मध्यावर एकदा रीडिंग बघत जा.

घरातली बाई खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला कामाला येत असेल तर शक्ती योजनेत सरकारी साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट नाही, ११ जून २०२३ पासनं चालू आहे, स्कूटरचं पेट्रोल वाचतंय. राज्याच्या आतल्या प्रवासालाच हं, कोल्हापूरचा हिशेब यात धरू नका. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० बाईच्या खात्यात येतात, नवरा-बायकोपैकी कुणी इन्कम टॅक्स किंवा जीएसटी भरत असेल तर मात्र नाही. पण ते पैसे वेळेवर येतीलच असं धरून हप्ता ठरवू नका, आणि ते तिचे आहेत, लोनला घालायचे का हे तिला विचारून ठरवा.

आता महत्त्वाचं. वाचलेला पैसा बचत खात्यात पडून राहिला तर तो वाचलेलाच नाही, चोर्ला घाटातनं गोव्याला एक चक्कर झाली की संपला. म्हणून पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी ३,००० आपोआप लोन खात्यात जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा आणि उरलेल्यात महिना काढा. महिन्याच्या शेवटी उरले तर भरू, याला अर्थ नाही.

ज्यांचा पगार नाही, दुकान आहे किंवा रिक्षा आहे, त्यांना पिग्मी बरी. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली काढलेली ही पद्धत आपल्याकडं अजून गल्लोगल्ली चालते. रोज शंभर-दीडशे एजंटकडं द्यायचे आणि वर्ष झालं की सगळी रक्कम लोनमध्ये. व्याज बेताचंच मिळतं, मुदतीआधी मोडली तर कापून घेतात, पण रोजचा पैसा गल्ल्यातनं बाहेर पडतो हे मोठं. फक्त बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो, पतसंस्थेला किंवा सोसायटीला तो नाही, तेव्हा तिथं मोठी रक्कम साठवत बसू नका. उसाचं बिल, भिशी, दिवाळीचा बोनस असा एकरकमी पैसा आला तरी तो लोनमध्येच घाला. वर धरलेल्या २५ लाखाच्या लोनला पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच ५०,००० भरले तरी शेवटचे ११ हप्ते गळतात.

बँकेत गेल्यावर तीन गोष्टी विचारा आणि लेखी घ्या. जादा भरलेली रक्कम लगेच मुद्दलातनं वजा होणार की पुढच्या हप्त्याचा ॲडव्हान्स म्हणून पडून राहणार, काही ठिकाणी अर्ज दिल्याशिवाय मुद्दलाला लावत नाहीत. कमीत कमी किती रकमेचं पार्ट पेमेंट घेतात, कारण काही फायनान्सवाले दोन-तीन हजार घेतच नाहीत, मग आरडीत साठवून वर्षातनं दोनदा भरायचं. आणि हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा असं स्पष्ट सांगा, हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला थोडं हलकं वाटतं पण व्याज फार वाचत नाही. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतो, घाईत सही करू नका, मुदतीचा रकाना कुठला ते विचारून घ्या. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं घराचं लोन व्यक्तीच्या नावावर असेल तर बँकेला आधी फेडण्याचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच तो बंद केलाय. फिक्स दराचं असेल तर ॲग्रीमेंट वाचा.

व्याजदर पण बघत जा. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरनं ५.२५ वर आला. तुमचं लोन रेपोला जोडलेलं असेल तर दर खाली आला असणार, नसेल आला तर जुन्या पद्धतीवर अडकलंय, थोडी फी भरून बदलून मिळतं. दर कमी झाल्यावर हप्ता कमी करून देतो म्हणाले तरी जुनाच हप्ता चालू ठेवा, किराण्यातनं एक रुपया न काढता जादा भरणा सुरू होतो.

लोन असलं की टॅक्स वाचतो, कशाला फेडतोस, असं सांगणारा ऑफिसात एक तरी असतोच. नव्या टॅक्स रिजीममध्ये स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची सूट मिळत नाही. जुन्यात असाल तर व्याजाचे २ लाख आणि ८०सी खाली मुद्दल, एवढं मिळतं, आणि जादा भरलेलं मुद्दलही ८०सी च्या दीड लाखात धरलं जातं.

लोन संपलं की नुसती एनओसी घेऊन घरी येऊ नका. मूळ खरेदीपत्र आणि बाकीची कागदं ३० दिवसांत परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. कागदं मोजून ताब्यात घ्या, यादीवर सही घ्या आणि सबरजिस्ट्रारकडचा बोजा उतरलाय का हे ईसी (घरावर कर्ज-बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढून बघा, कारण घर विकायला गेलं की घेणारा आधी ईसीच मागतो.