घरात विटांची फायरप्लेस बांधायचीय? आधी धुराचं गणित जमवा

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या सुरू झाल्या की महाबळेश्वर-पाचगणीला घर असलेल्या लोकांमध्ये फायरप्लेसचा विषय हमखास निघतो. तिथल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांत त्या आहेतच. नवीन बांधताना मात्र बहुतेक जण आधी दगडाचं क्लॅडिंग पसंत करतात, वरची लाकडी फळी ठरवतात आणि धुराडं गवंड्यावर सोपवून मोकळे होतात, आणि मग पहिल्याच जाळाला हॉलभर धूर. दिसण्याचं नंतर बघा, आधी धूर कुठून कसा जाणार ते कागदावर काढा.

त्याच्याही आधी हवंय काय ते ठरवा. उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब धुराड्यातून वर जाते, समोर बसलेल्यांनाच काय ती शेक मिळते. अख्खं घर गरम करायचं असेल तर लोखंडी बंद बुखारी, म्हणजे दार असलेली लाकडाची शेगडी घ्या, स्वस्तात आणि कमी लाकडात काम होईल. चार माणसं जाळासमोर बसणार असतील तर विटांची बांधा, पण रम्फर्ड पद्धतीची.

बेंजामिन थॉम्प्सन उर्फ काउंट रम्फर्ड हा अमेरिकेत जन्मलेला शास्त्रज्ञ, त्याने १७९६ च्या सुमारास लंडनमधल्या धूर ओकणाऱ्या फायरप्लेस दुरुस्त केल्या आणि त्यावर सविस्तर लिहिलं. खोल चौकोनी खड्ड्याऐवजी उथळ जागा ठेवायची, बाजूच्या भिंती ४५ अंशात तिरप्या करायच्या म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते, आणि वरचा गळा, म्हणजे जाळावरून धूर धुराड्यात शिरतो ती अरुंद फट, फक्त ४ इंच ठेवायचा. त्याचं गणित इतकं सुटसुटीत आहे की गवंड्याला जमिनीवर खडूने आखून देता येतं: मागची भिंत १३ इंच रुंद, जाळाची जागा १३ इंच खोल, समोरचं तोंड त्याच्या तिप्पट म्हणजे ३९ इंच. हे १३ आले कुठून, तर तोंडावरची ९ इंची भिंत अधिक ४ इंचांचा गळा. उंची जवळपास रुंदीइतकी, समजा ३६.

आता धुराडं. ३९ गुणिले ३६ म्हणजे १४०४ चौरस इंच तोंड, आणि चौकोनी धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ त्याच्या दहाव्या भागाएवढं तरी हवं, म्हणजे १४०. आतून १२ बाय १२ घेतलं की १४४ होतात, काम झालं. गोल स्टीलचा पाईप टाकणार असाल तर बारावा भाग पुरतो, १३ इंची घ्या. जागा नाही म्हणून कोणी ९ बाय ९ सुचवलं तर ऐकू नका, त्यापेक्षा तोंड लहान करा.

जागा शक्यतो घराच्या आतल्या भिंतीला निवडा, बाहेरच्या भिंतीचं धुराडं थंड पडतं आणि थंड धुराडं ओढत नाही. उंची जाळापासून निदान १५ फूट हवी, आणि छपरातून जिथे बाहेर येतं तिथून ३ फूट वर, शिवाय १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही २ फूट वर. याचं वजन काही टनांत जातं, त्यामुळे पाया वेगळाच घ्या, १२ इंच जाड काँक्रीट, चारी बाजूंनी ६ इंच बाहेर. असलेल्या स्लॅबवर उभारायचा विचारही नको. नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि गिरिस्थान नगरपरिषदेत परवानगीचं विचारून घ्या, हा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे.

आतल्या कप्प्याला फायर ब्रिकच, म्हणजे उष्णता सोसणारी वीट. कोल्हापूरला फाउंड्र्या भरपूर असल्याने त्या बाजूला सहज मिळतात, आयएस ८ या भारतीय मानकाची ९ बाय साडेचार बाय ३ इंचांची मागा. जांभा किंवा काळा दगड जाळाला लागून अजिबात नको, ओल धरलेला दगड तापला की फुटतो. बाहेरून खुशाल लावा. आणि इथे गवंड्याजवळ उभं राहा, कारण त्याचा हात सिमेंट-वाळूच्या जाड मालावर बसलेला असतो आणि फायर ब्रिकला सांधा ६ मिलिमीटरच्या आत लागतो, तोही फायर क्ले मॉर्टरचा, साधा सिमेंटचा माल उष्णतेने भुसभुशीत होऊन गळतो. फायर ब्रिक आणि बाहेरच्या बांधकामात अर्धा इंच फट सोडून सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता सोसणारा मऊ थर) भरा, तापल्यावर विटांना फुगायला जागा हवी.

गळा लिंटेलच्या, म्हणजे तोंडावरच्या आडव्या तुळईच्या, साधारण फूटभर वर येऊ द्या. समोरच्या भिंतीची आतली बाजू तिथे गोलसर करून गुळगुळीत गिलावा करा, नुसता हात फिरवून बघा, माल बाहेर आलेला लागला तर तिथेच खरवडून घ्या, धूर नेमका तिथे अडतो. गळ्यावर लोखंडी प्लेटचं उघडझाप होणारं डॅम्पर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. वरचा धुराचा कप्पा हळूहळू निमुळता करत धुराड्याला जोडा.

क्लॅडिंग लावायच्या आधी डॅम्पर उघडून गळ्याखाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवा. धूर सरळ वर गेला पाहिजे. खोलीत आला तर आत्ताच खोलता येईल, ग्रॅनाइट लागल्यावर नाही.

समोर फरशी २० इंच, दोन्ही बाजूंना १२ इंच न जळणारी ठेवा. लाकडी फळी तोंडाच्या फूटभर तरी वर, आणि छपराचे वासे धुराड्यापासून २ इंच लांब. तिथला पाऊस माहीतच आहे, त्यामुळे कौलांशी जोड येतो तिथे पाणी आत शिरू न देणारी पत्र्याची पट्टी (फ्लॅशिंग) आणि धुराड्यावर टोपी, या दोन गोष्टींत पैसे वाचवू नका.

लाकूड वखारीतून विकत आणा, पूर्ण वाळलेलं, आसपासची झाडं तोडू नका. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि निखारे विझेपर्यंत डॅम्पर बंद करू नका, झोपायची कितीही घाई असली तरी. बांधकाम संपल्यावर महिनाभर थांबा, मग आठवडाभर रोज थोड्या काटक्यांचा लहान जाळ, हळूहळू वाढवत. पुढे दर वर्षी पावसाळा संपला की धुराड्यातली काजळी साफ करून, पक्ष्यांची घरटी नाहीत ना ते बघून मगच पहिला जाळ करा.